बर्फातला पाहुणचार

अंटार्क्टिकाचे विमान सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी केप टाउनच्या हॉटेलातल्या एका लांबट खोलीत आमच्या बॅगा पांढऱ्या चादरीवर उघडून ठेवल्या होत्या आणि एक तरुण मुलगी व्हॅक्युम क्लीनरची नळी हातात घेऊन एकेक खिसा, एकेक शिवण तपासत होती. बुटांचे तळ ब्रशने घासून झाले होते. माझ्या खांद्याला अडकवायच्या जुन्या पिशवीपाशी ती थांबली. झाकणाच्या व्हेल्क्रोत काही तरी अडकले होते आणि ते नळीला दाद देईना. तेव्हा तिने चिमटा घेतला, गुडघे टेकले आणि मध्येच तुटून टोक आत राहणार नाही अशा बेताने, सावकाश, एक कुसळ ओढून काढले. पिळा पडलेले, काळपट, टोकाला तांबूस लव असलेले. आमच्या घरामागच्या सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या माळावरचे. तिने ते एका लहान पारदर्शक पिशवीत टाकले, पिशवी बंद केली आणि ती पुढच्या खिशाकडे वळली. शेजारच्या खुर्चीत बसलेला दादा हसत म्हणाला, "अरे, निघताना पिशवी झटकून तरी आणायचीस." कार्तिकात सड्यावरून आलेल्या माणसाचे कुसळ झटकून जात नसते, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक असायला हवे होते, पण त्याला गाव सोडून इतकी वर्षे झाली की त्यावर मी काही बोललो नाही.

ती मुलगी ज्या निष्ठेने त्या कुसळावर वाकली होती, तेवढ्या निष्ठेने आमच्या घरी उतरलेल्या कोणी कधी काही उचललेले मला आठवेना.

आम्ही अंटार्क्टिकाला निघालो होतो, आणि त्यात माझे कर्तृत्व शून्य होते. दादा जहाजावर इंजिनिअर होता, पुढे केप टाउनलाच व्यवसायात स्थिरावला. त्याची साठी आली तेव्हा आईने साठीशांतीचा विषय काढला आणि त्याने त्याऐवजी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात आठवडाभर राहायचे ठरवले. वहिनीने गुडघ्यांचे कारण सांगून ऐन वेळी अंग काढून घेतले, भरलेले पैसे परत मिळण्यासारखे नव्हते, आणि दापोली तालुक्यात समुद्राकाठी चार खोल्यांचे होमस्टे चालवणाऱ्या धाकट्या भावाची वर्णी लागली. असल्या मुक्कामाला माणशी पन्नास हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. हा आकडा आईच्या कानावर घालायचा नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर आमचे दोघांचे पहिल्याच फोनवर एकमत झाले. अंटार्क्टिकाला हल्ली एका हंगामात लाखाच्या वर पर्यटक जातात, पण ते बहुतेक सगळे जहाजाने दक्षिण अमेरिकेकडच्या द्वीपकल्पाला जातात. विमानाने थेट आतल्या बर्फावर उतरून मऊ गादीवर झोपणारे फारच थोडे. त्या थोड्यांत आपण कसे, हा प्रश्न मला सगळा वेळ बुटात शिरलेल्या वाळूसारखा टोचत राहिला.

केप टाउनहून उड्डाण सुमारे पाच तासांचे आहे. शेवटच्या तासाभरात सगळे प्रवासी उभे राहून एकमेकांना कोपर मारत जाड कपडे चढवू लागतात आणि विमानाला एकदम लग्नघरातल्या मागच्या खोलीची कळा येते. धावपट्टी निळ्या बर्फाची. वारा वरचे भुसभुशीत हिम सतत उडवून नेतो, खालचा युगानुयुगे दाबला गेलेला बर्फ उघडा पडतो, आणि त्यातले हवेचे बुडबुडे दाबून अगदी बारीक झालेले असल्यामुळे तो निळा दिसतो. तो इतका टणक असतो की २०२१ मध्ये एअरबस ए-३४० एवढे मोठे विमानही तिथल्या अशाच एका धावपट्टीवर उतरले. दार उघडले तेव्हा थंडीची मी मनाची तयारी केलेली होती, उजेडाचीही थोडीफार होती; पण हवेला काहीच वास नसेल याची नव्हती. माझे नाक खाऱ्या वाऱ्यात, कुजत्या पाल्यात, सुकत घातलेल्या मासळीत आणि ओल्या शेणाच्या अंगणात वाढलेले. तिथे मी दोनतीनदा खोल श्वास घेतला आणि छातीत नुसता गारवा गेला. मग वाऱ्याची दिशा किंचित बदलली आणि एक वास आला. तो विमानाच्या इंधनाचा होता, म्हणजे आम्हीच बरोबर आणलेला.

आमचा मुक्काम अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँड या भागातल्या शिर्माकर ओअॅसिसच्या कडेला होता. बर्फाच्या अफाट पसाऱ्यात साधारण ३५ चौरस किलोमीटरचा उघड्या खडकाचा हा पट्टा १९३९ मध्ये एका जर्मन मोहिमेच्या विमानातून दिसला आणि वैमानिकाचे नाव त्याला मिळाले. त्यात लहानमोठी शंभरावर तळी आहेत. नोव्हेंबरअखेरीस ती गोठलेलीच होती. काठाशी कुठे कुठे बर्फाला काळसर ओल सुटू लागली होती. पहिल्या दिवशी तिथल्या तपकिरी दगडावर बूट टेकला तेव्हा पाय ओळखीच्या जागी पडल्यासारखा वाटला, पण ते वाटणे फार टिकले नाही. आमचा कातळ जांभ्याचा, पावसाने आणि उन्हाने घडवलेला. चार महिने पाऊस लागला की त्याच्यावर निळीपिवळी फुले येतात आणि दिवाळीनंतर तिथल्या गवताची कुसळे होतात. इथला दगड कोट्यवधी वर्षे जमिनीच्या पोटात भाजून निघालेला, आणि त्याच्या फटीत मोठ्या मुश्किलीने सापडते ते नखाएवढे शेवाळ किंवा दगडफूल. आख्ख्या खंडावर फुले येणाऱ्या मूळच्या वनस्पती दोनच, आणि त्याही इथे नाहीत, दूर द्वीपकल्पावर आहेत.

माझे कुसळ तिथे रुजले नसते, हे उघड आहे. पण काय रुजेल हे माणसाला आधी कळत नाही. वार्षिक पोआ हे जगभर हिरवळीत उगवणारे अगदी क्षुद्र गवत द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की संशोधन तळापाशी १९८०च्या दशकात दिसले, बहुधा कोणाच्या तरी बुटांबरोबर किंवा सामानाबरोबर आलेले, आणि पुढे शास्त्रज्ञांना ते हाताने उपटत बसावे लागले. हे गाइडने सांगितले तेव्हा मला घरची रानमोडी आठवली, तीही बाहेरून आलेले तणच. आमच्या पडीक कलमांच्या बागा तिने व्यापल्या आहेत आणि दर वर्षी ती तोडून तोडून हात सोलवटतात. त्याच वेळी हेही आठवले की आमच्या घरचा काजू पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेला आहे, मिरची तशीच, पपई आणि अननस तसेच. आमच्या किनाऱ्यावर चिमटा घेऊन कोणी बसले असते तर आमच्या जेवणाला फारशी चव राहिली नसती. त्यामुळे त्या मुलीचे कौतुक वाटत असतानाच मनाचा एक कोपरा कुसळाच्या बाजूनेही भांडत होता.

राहायला फायबरचे घुमट होते, जमिनीपासून थोडे उचललेले. आत दोन पलंग, जाड पांघरुणे, ऊब देणारे यंत्र आणि गोठलेल्या तळ्याकडे उघडणारी खिडकी. सूर्य मावळतच नव्हता. रात्री बारालाही तो क्षितिजाशी रेंगाळत असे, म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून झोपायचे. सकाळी दारावर टिचकी पडायची आणि चहा यायचा. दादा हे सगळे मनापासून उपभोगत होता आणि मला त्याचे वाईट वाटत नव्हते. त्याने इंजिनरूमच्या उकाड्यात उमेदीची वर्षे काढली आहेत. माझी पंचाईत वेगळीच होती. पाहुणा म्हणून मला बसताच येत नव्हते. चहा आला की आधण कोणी, किती वाजता ठेवले असेल हे मनात येई. चादरीची घडी पाहिली की ती धुवायला कुठे जाते हा प्रश्न पडे. तिसऱ्याच जेवणाला मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिथली मुख्य स्वयंपाकी एक आडव्या बांध्याची, मोठ्याने हसणारी दक्षिण आफ्रिकन बाई होती. आपणही लोकांना जेवू घालतो असे सांगितल्यावर तिने मला भांडी नव्हे, मागच्या बाजूची पिंपे दाखवली. उष्टे आणि साली एकात, काच दुसऱ्यात, धातू, कागद आणि प्लास्टिक आणखी वेगळे. आणि भिंतीपलीकडे, झाकणांवर पट्ट्या आवळलेली, संडासातली पिंपे. हे सगळे वजन करून, नोंद करून, आम्ही ज्या विमानाने आलो तसल्याच विमानाने केप टाउनला परत जायचे होते.

अंटार्क्टिकाचे पर्यावरण राखण्यासाठी झालेल्या १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराने हे बंधन घातले आहे आणि ते १९९८ पासून लागू आहे. बर्फ नसलेल्या जमिनीवर किंवा गोड्या पाण्याच्या तळ्यात काहीही टाकायचे नाही, सांडपाणीसुद्धा नाही. बाहेरचा जीव न्यायचा नाही. पूर्वी मोहिमांबरोबर घसरगाड्या ओढायला कुत्रे असत, तेही १९९४ पर्यंत सगळे परत न्यावे लागले. पाणी मिळवायचे तर बर्फ वितळवायचा, वितळवायला ऊर्जा लागते, आणि इंधनाचा प्रत्येक थेंब हजारो किलोमीटरवरून आणलेला असतो. म्हणून अंघोळ अगदी थोडक्यात उरकायची अशी विनंती भिंतीवर लिहिलेली होती. पन्नास हजार डॉलर मोजलेले पाहुणे ती निमूटपणे पाळत होते. एका उद्योगपतीला मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून, डोक्यात साबण राहिल्याची कुरकूर अगदी हलक्या आवाजात करताना पाहिले. आमच्याकडे मे महिन्यात विहीर तळाला जाते, टँकर मागवावा लागतो, आणि तेव्हा पाणी जपून वापरा असे सांगितले तर गृहस्थ थेट विचारतात, "मग पैसे कसले घेता?"

बर्फावर दोराने एकमेकांना बांधून चालायला नेले त्या दिवसाची गोष्ट. निघताना प्रत्येकाला रुंद तोंडाची एक बाटली दिली होती. दादाला मधुमेह आहे. अर्ध्या वाटेत त्याला थांबावे लागले. गाइडने शांतपणे बाटलीकडे बोट केले आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. वारा सुटलेला, हातमोजे तीन थरांचे, विजारी त्याहून जास्त, दोर कमरेला. बराच वेळ नुसती चेनची खरखर ऐकू येत होती. मग दादा आतून फुटल्यासारखा हसू लागला. "आबांनी आपल्याला पाटाच्या पाण्यात मुतताना पकडले होते आठवते?" तो मराठीत ओरडला. मला आठवत होते. पाटाचे पाणी खालच्या सगळ्या घरांना जाते म्हणून आबांनी आम्हा दोघांना पोफळीच्या झावळीने फोडून काढले होते. ती बाटली पिशवीत घालून दादा पुढची वाट चालला, घुमटाशी आल्यावर त्याने ती नेमून दिलेल्या पिंपात रिकामी केली, आणि त्या दिवसानंतर त्याचा सूर थोडा बदलला. गावच्या गोष्टी तो आपणहून काढू लागला.

याच खडकाळ पट्ट्यावर भारताचे 'मैत्री' हे संशोधन केंद्र आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर पोहोचली. आजही हा सगळा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून, म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरून चालतो. पहिले केंद्र 'दक्षिण गंगोत्री' हिमफळीवर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर बांधले होते. ते हिमाखाली गाडले जाऊ लागले आणि १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. त्याआधीच, १९८९ मध्ये, खडकावर मैत्री उभे राहिले होते आणि त्याच्यासमोरच्या तळ्याला प्रियदर्शिनी म्हणतात. जवळच रशियाचे नोव्होलाझारेव्स्काया केंद्र आहे. तिथे १९६१ च्या एप्रिलअखेरीस लिओनिद रोगोझोव्ह या २७ वर्षांच्या डॉक्टरने, दुसरा डॉक्टर नसल्यामुळे, सहकाऱ्यांना आरसा धरायला लावून स्वतःच्या पोटावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. ही हकिकत आम्हाला रात्रीच्या जेवणाला, भाजलेल्या मेंढीच्या मांसाबरोबर ऐकवण्यात आली. ऐकताना काट्याचमच्यांचा आवाज थांबला होता, आणि नंतर तो पुन्हा सुरू झाला.

मैत्रीला जाणे आमच्या कार्यक्रमात नव्हते. अशा भेटीची परवानगी आधी काढावी लागते. गाइडने नुसता हात लांब करून दिशा दाखवली. तिकडे काही माणसे पूर्ण वर्षभर राहतात, त्यातले दोनेक महिने सूर्य उगवत नाही, आणि हिवाळ्यात कोणी आजारी पडला तर विमान सहजासहजी येत नाही. आम्ही त्या दिशेला पाहत होतो तेव्हा आमच्या हातांत काचेचे पेले होते आणि त्यात त्याच भूमीच्या जुन्या बर्फाचे तुकडे. बर्फात कोंडलेली हवा सुटताना बारीक तडतड आवाज होतो. तो आवाज मला फार आवडला, हे लिहिताना लाज वाटत नाही. पण त्या दिशेला कोणी तरी कोकणातला मुलगा जनरेटरचे तेल बदलत असेल, हे मनातून जाईना.

पेंग्विनांविषयी सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात. दुसऱ्या लहान विमानाने आम्हाला अटका उपसागराकडे नेले. सम्राट पेंग्विन उंच असतात, पिले राखाडी असतात, वास अतिशय उग्र असतो आणि फोटो सर्वांचे सारखेच येतात. लक्षात राहिले ते एवढेच की बर्ड फ्लूच्या भीतीमुळे बर्फावर बसायचे नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीसुद्धा खाली ठेवायची नाही.

परतायच्या आदल्या रात्री वारा उठला. पठाराच्या उंचावरून जड, थंड हवा उतारावरून घसरत येते आणि समुद्राकडे सुटते. घुमट थरथरू लागला, फटीतून बारीक शीळ येऊ लागली आणि मी उठून बसलो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले त्या दुपारी आम्ही आईला माजघरात बसवून दारांना आडणे लावले होते आणि बाहेर पोफळी एकामागून एक मोडत होत्या. मोडण्याचा आवाज मोठा नसतो, वाऱ्यात एखादे बोट मोडल्याएवढाच येतो. नंतर कित्येक आठवडे वीज नव्हती, फोन नव्हता, रस्त्यावर झाडे पडलेली होती. दुर्गमपणा म्हणजे काय हे मला तेव्हा कळले होते आणि त्यासाठी कोणी पैसे दिले नव्हते. दादा दुसऱ्या पलंगावरून म्हणाला, "तेव्हा मला तीन दिवस तुमचा काही पत्ता लागला नव्हता." इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच सांगितले. मग बराच वेळ आम्ही पोफळींविषयी बोलत राहिलो, किती लावल्या, किती जगल्या, नवी रोपे कोणत्या जातीची आणावीत.

घरी आल्यावर आईने फोटो पाहिले. बर्फ पाहून झाला, पेंग्विन पाहून झाले, दादा बारीक दिसतो हे बोलून झाले. मग तिने चष्मा काढून विचारले, "ते सगळे खरे, पण परसाकडची सोय काय होती तिथे?" मी पिंपांची, नोंदींची, विमानाची सगळी व्यवस्था सविस्तर सांगितली. तिने ऐकून घेतले. "म्हणजे तुमची घाण केप टाउनवाल्यांनी घ्यायची," ती म्हणाली. "त्यांना चालते?"

याला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. तिथल्या खडकावर आमचा एक तांदळाचा दाणा राहिला नाही, हे खरे आहे. तेवढ्यासाठी विमानांनी किती इंधन जाळले आणि त्याचा धूर कोणाच्या वाट्याला आला, हेही खरे आहे. त्याच शिर्माकरमध्ये दक्षिण गंगोत्री नावाची हिमनदी आहे. तिचे टोक मागे हटते आहे आणि आपले भूवैज्ञानिक ते मोजत असतात. नियम पायाखालची जमीन राखतो, डोक्यावरच्या हवेची जबाबदारी तो घेत नाही. तरीही मला त्या व्यवस्थेला नुसते ढोंग म्हणता येत नाही, कारण मी ती माणसे जवळून पाहिली आहेत. पिंपाचे झाकण आवळून झाल्यावर त्या स्वयंपाकी बाईने हातमोजा काढून झाकणाची कड बोटाने पुन्हा एकदा चाचपून पाहिली होती. हे कोणाला दाखवण्यासाठी नव्हते.

आमच्याकडे वेळासला कासवांच्या निमित्ताने गावाने घराघरांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली, पुढे आंजर्ल्यालाही कासवांचा महोत्सव होऊ लागला, तेव्हा असे वाटले होते की पाहुणा किनारा कसा पाहावा हे आपण त्याला शिकवू शकू. कासवांच्या बाबतीत ते बरेच जमले; पिले समुद्रात सोडताना माणसे दोरीच्या मागे गपचूप उभी राहतात, लहान मुलेसुद्धा. तीच माणसे दुपारी पुळणीवर वेफर्सची पाकिटे आणि बाटल्या टाकून येतात. दोरी लावली की पाळायचे, दोरी नसेल तिथे सगळे मोकळे. आणि आमच्या गावात सुका कचरा उचलायला गाडी रोज येत नाही, त्यामुळे तो शेवटी कोणी तरी परसात पेटवतो.

मी दादाला फोनवर म्हणालो की पुढच्या हंगामापासून पाहुण्यांना आपला सुका कचरा परत न्यायला सांगणार आहे. तो म्हणाला, "दर तिप्पट कर, आपोआप नेतील. तिकडे पाहिलेस ना?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, हीच त्यातली अडचण आहे. पण दर तिप्पट केला तर पुण्याहून एसटीने येणारे, चार पोरांना एका खोलीत झोपवणारे, आईच्या हातची घावने खाऊन तिला नमस्कार करणारे शिक्षक दांपत्य येणार नाही, आणि जे येतील त्यांना एसी हवा असेल. मी दर तोच ठेवला. खोलीत दोन कापडी पिशव्या ठेवल्या आणि जाताना सुक्या कचऱ्याची पिशवी भरून आपल्या गाडीत टाकून नेण्याची विनंती भिंतीवर लिहिली. काहींनी नेल्या. एका कुटुंबाने पिशवी नेली आणि कचरा ठेवला. एकाने लिहिले की यजमान पाहुण्यांकडून कामे करून घेतात. आई म्हणते, पाटी काढून टाक, पाहुण्याला असले सांगू नये. मी पाटी ठेवली आहे, आणि राहिलेल्या पिशव्या सोमवारी दापोलीला जाताना स्कूटरला अडकवून नेतो.